पाण्याचं सुतक

पोळा होऊन गेला होता, तलाव काठोकाठ भरला होता, तेव्हा बजरंग बुडाला. तलाव पालम तालुक्यातला, सरकारी. नाव घेऊन काय करायचं, असे तलाव मराठवाड्यात ढिगानं पडलेत. काठावर भोयांची वस्ती. तलाव सरकारचा, पाणी शेतकऱ्यांचं, मासे भोयांच्या सोसायटीचे, आणि बुडून मरायचं ते मात्र ज्याचं त्यानं.

बजरंग सकाळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आदल्या दिवशी लावलेलं जाळं उचलायला गेला. मधेच वारा सुटला. तलावाच्या पोटात जुनं गाव बुडालंय, त्या गावच्या बाभळी अजून पाण्याखाली उभ्या आहेत. जाळं बाभळीत अडकलं असणार, ओढता ओढता तराफा कलंडला असणार, आणि पायाला जाळं गुंडाळलं की भोयाचं पोहणं काय कामाचं? असणार, असणार असंच म्हणायचं, कारण बघायला कोणी नव्हतं. दुपारी तराफा एकटाच काठाला लागला. वर भाकरीचं फडकं बांधलेलं तसंच होतं.

बुडालेलं माणूस दोन-तीन दिवसांत वर येतं. बजरंग आला नाही. परभणीहून नारिंगी बोट घेऊन पथक आलं, घरघर करत फिरलं, मोबाइलवर फोटो काढून निघून गेलं. भोयांनी गळ फिरवले, बुड्या मारल्या, छाती फुटेस्तोवर तळ चाचपला. बाभळींत नाही, सांडव्याजवळ नाही, कालव्याच्या दाराशी नाही. जुन्या गावच्या विहिरी खाली तशाच आहेत, त्यातल्या एखादीत उतरला असंल, असं एक म्हातारा म्हणाला. तिथवर जाणार कोण?

आता या भोयांची एक रीत आहे. पाण्यात आपलं माणूस असलं की पाण्याला सुतक. माणूस सापडून त्याचं दहावं होईपर्यंत त्या पाण्यात जाळं पडत नाही. का, ते कोणी कोणाला सांगत बसत नाही. मासे काय काय खातात हे भोयाच्या शेंबड्या लेकरालाही ठाऊक असतं. आणि माणूस सापडलंच नाही तर? तर जिचं कुंकू पाण्यात गेलं त्या बाईनंच पाणी मोकळं करायचं. तिच्या नावानं एक मासा धरायचा, तिच्याच चुलीवर शिजवायचा, आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास तिनं खायचा. तिनं खाल्ला म्हणजे बाकीच्यांना खायला, विकायला मोकळीक. ही रीत ज्यानं काढली असेल त्यानं काढली असेल, पण काढणारी बाई नव्हती एवढं नक्की!

बजरंगची बायको रेणुका काही घास खाईना.

ती गंगाखेडकडची, भोयाचीच लेक. रीत तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती, पदरी लेकरू नव्हतं. घरात ती आणि सासू मालनबाई, दोघीच उरल्या. मालनबाईचा बजरंग एकुलता एक. ती म्हातारी रडली नाही, ओरडली नाही. भिंतीला पाठ लावून बसायची आणि कोणी पाणी दिलं तर प्यायची.

सोसायटीचा चेअरमन तात्याराव, बजरंगचा सख्खा चुलता. वाईट माणूस नव्हता तो. पण वस्तीतली सगळी घरं त्याच्या दारात येऊन बसायची, आणि तो उठून रेणुकाच्या दारात यायचा.

"पोरी, नवरात्र सरलं," तो म्हणायचा. "बाया सोयाबीन काढायला जायल्यात, गडी वीटभट्टीला निघालेत. मासळीचा हंगाम हाच हाय. महाराजाला इचारलंय म्या. गवताचा पुतळा करून इधी करता येतो म्हनला. त्याला बजरंग समजायचं अन्..."

"गवतासंगं लगीन लागलं व्हतं का मपलं?" रेणुका म्हणाली.

तात्यारावानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तात्या, मी काय लय मागायलेय का?" तिचा आवाज फाटला. "नख द्या त्याचं. केस द्या. कमरेच्या करदोड्याचा धागा द्या. कायबी द्या, पर त्याचं द्या. ते हातात धरून जाळते, मग घासच काय, आक्खा मासा खाते. कायबी न जाळता त्याला मेला कसं म्हनू? अन् वर तळ्यातला मासा खाऊ?"

तात्याराव टोपी झटकून उठला. पण वस्ती काही तात्यारावाएवढी मऊ नव्हती. हापशावर बाया मुद्दाम मोठ्यानं बोलू लागल्या. मेल्याला धरून बसलीय अन् जित्यांना मारायलीय, असं एकजण म्हणाली. ज्या बाईनं बजरंगच्या लग्नात दोन दिवस पोळ्या लाटल्या, तीच. भूक लागली की माणसाच्या जिभेला हाड राहत नाही हेच खरं. रेणुका घागर भरून निमूट घरी यायची. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या, आणि दिवसभर बांधावर बसून पाण्याकडं डोळे.

असंच एका रविवारी तिला धरणाच्या भिंतीवर माणसं दिसली. परभणीहून मोटार करून आलेले चौघे-पाचजण, टोप्या घातलेले, हातात फिरकीवाल्या गळाच्या काठ्या. हौसेचे मासेमारे. त्यांना कुठलं सुतक? रेणुका धावतच गेली. पदराचं भान नाही, पायात चप्पल नाही.

"हितं मासा धरायचा न्हाई!"

"का हो ताई? सरकारी तलाव आहे," त्यातला एकजण हसत म्हणाला.

ती सांगणार होती. माझा नवरा आहे आत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्यातला एकजण दगडावर मोठी मरळ चिरत बसला होता. त्यानं पोटात सुरी घातली, आतडी बाहेर ओढली, आणि त्यातून एक लहानगी मासळी घरंगळून दगडावर पडली. सगळीच्या सगळी. डोळे, खवले, शेपूट, काहीच गेलेलं नव्हतं. मरळीनं तिला सकाळीच गिळलं असेल. रेणुका तिथल्या तिथं खाली बसली.

"काय झालं ताई? चक्कर आली का?"

"न्हाई," ती म्हणाली. "ते दुसरेबी आणा. मी साफ करून देते. फुकट देते. फक्त आतलं मला बघू द्या."

त्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. फुकटचं काम कोणाला नको असतं? तिनं त्यांचे सगळे मासे चिरले आणि एकेकाचं पोट बोटांनी उलगडून पाहिलं. शेवाळ निघालं, गोगलगायी निघाल्या, चिखल निघाला. दुसरं काही निघालं नाही. पण ती घरी गेली तेव्हा तिच्या चालण्यात कितीतरी दिवसांनी जोर होता, आणि वस्तीतल्या बायांना वाटलं, आता ही ताळ्यावर येणार.

ती सरळ तात्यारावाकडं गेली. "पानी मोकळं करते," म्हणाली. "पर एक अट हाय. ह्या तळ्यातून निघंल त्यो परत्येक मासा आधी मी उघडून बघणार. बारका असो, मोठा असो. मी बघितल्याबिगर एक शेपूट वस्तीबाहेर जाणार न्हाई."

तात्यारावाला आधी अट कळली नाही. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे डोळे भरले. "अगं पोरी," तो म्हणाला. "असं कुठं सापडतंय का?"

"पान्यात सापडंना, काठावर सापडंना. मग ऱ्हायलं काय? माशातच हाय त्यो. तुमी सगळे जानता की. म्हनून तर सुतक धरता."

"उघड बाई," तात्याराव म्हणाला. "शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी बांधावर सगळी वस्ती जमली. तिच्या नावानं एक रोहू धरला. तिनंच तो चिरला, आत बघितलं, काही नव्हतं. वस्ती दारात आली, मालनबाईनं तो घरच्या चुलीवर शिजवला. त्या म्हातारीच्या हातून तिखट निम्मं चुलीत पडलं. कोणीतरी रेणुकाच्या बांगड्या फोडल्या, कोणीतरी ओल्या बोटानं कपाळ पुसलं. मग तिच्यापुढं जर्मनची ताटली ठेवली. रेणुकानं घास घेतला. तिनं तोंडावर हात दाबला आणि तो गिळला. सगळे बघत होते. तिनं दुसरा घासही घेतला, कोणाला शंका राहायला नको म्हणून. मालनबाई तेवढ्यात उठून घरामागं गेली, आणि त्या दिवसापासून तिनं माशाला हात लावणं सोडलं.

जाळी पडली. सुतकातल्या पाण्यात मासा माजला होता, टोपल्याच्या टोपल्या भरून निघू लागल्या. वस्तीत चुली पेटल्या, लेकरांची तोंडं तुकतुकीत झाली. आणि काठावर गोणपाट अंथरून रेणुका विळी घेऊन बसली. मासा घ्यायचा, पोट फाडायचं, आतडं बोटांच्या चिमटीत धरून शेवटपर्यंत निपटायचं, बघायचं, बाजूला टाकायचं. पहिले काही दिवस बायापण मदतीला बसल्या. पण त्या नुसतं चिरायच्या, नीट बघायच्या नाहीत, म्हणून रेणुका त्यांनी चिरलेलं पुन्हा बघायची. मग त्या रागावून उठल्या. हिचं डोकं फिरलंय म्हणाल्या. रेणुका एकटी उरली. काट्यांनी तिचे हात फाटले, जखमा चिघळल्या, त्यात माशाचं पाणी जाऊन ठणका लागायचा. ती चिंध्या बांधायची आणि पुढचा मासा घ्यायची. कावळे आणि कुत्री तिच्याभोवती बसून असायची.

पण मासळीचा धंदा आहे हा, तिच्या दुःखाला कुठवर थांबणार? पालमचा व्यापारी बन्सीधर बर्फ आणि पिकअप घेऊन यायचा. एके दिवशी त्यानं टोपल्या बघून हात झाडले.

"तात्याराव, पोट फाडलेला मासा म्या न्हाई उचलणार. दुपारपसवर मऊ पडायलाय. परभणीचं गिऱ्हाईक सबंध मासा मागतंय. तुमाला जमत नसंल तर मी दुसरं तळं धुंडतो."

तात्याराव रेणुकाजवळ आला. उभं राहून बोलायची त्याला लाज वाटली, म्हणून शेजारी उकिडवा बसला. "रेणुके, माफ कर मला," म्हणाला. "आजपासून मासा सबंध जाणार."

"शब्द दिला व्हता तुमी."

"दिला व्हता. आता मोडायलोय. तू मला काय बोलायचं ते बोल."

ती उठली. पिकअपमध्ये भरलेले, बर्फाखालचे, बंद पोटांचे मासे बघत उभी राहिली. गाडी सुरू झाली तशी मात्र धावली, मागचं फाळकं धरून लोंबकळली. "थांबवा! कुण्या गावच्या ताटात जाईल त्यो! थांबवा!" दोघा गड्यांनी तिला ओढून काढलं. त्यातला एकजण स्वतःच रडत होता. गाडी गेली.

त्यानंतर रेणुका पालमला जायला लागली. बाजाराच्या दिवशी सकाळची एसटी धरायची आणि बन्सीधरच्या दुकानासमोर गोणपाट अंथरून बसायची. गिऱ्हाइकाला मासा फुकट साफ करून द्यायची. सगळा माल काही पालमला उतरत नाही, निम्म्याहून जास्त परभणीला जातो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण जेवढा हाताखालून जाईल तेवढा तरी. बन्सीधरनं आधी कटकट केली, मग गर्दी वाढली तसा गप्प बसला. लोकांना काय, आयतं मिळालं! "मावशी, तुमच्या तळ्याचा मासा यंदा लय पोसलाय," असं म्हणत पिशव्या पुढं करायचे. रेणुका मान खाली घालून आतडी चाळत राहायची.

दिवाळी होऊन गेली होती. एका बाजारच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, तेव्हा समोर कोणाची तरी सावली पडली. रेणुकानं वर बघितलं. मालनबाई. एकटी एसटीनं आली होती. सुनेच्या हातांकडं बघत उभी होती.

"आत्याबाई, तुमी कामून आलात?"

"सरक," मालनबाई म्हणाली. खाली बसली, टोपलीतली एक मरळ ओढली आणि विळी मागितली. जिनं त्या दिवसापासून माशाचा वास घेतला नव्हता, ती म्हातारी हात माखून मासे चिरू लागली. रेणुकाला भडभडून आलं. इतक्या दिवसांत कोणीतरी शेजारी बसलं होतं! दोघी सासूसुना चिरत राहिल्या.

दोन-चार मासे झाले असतील, आणि मालनबाई ओरडली.

तिच्या मुठीतून एक काळा धागा लोंबत होता. आतड्याच्या चिकटानं माखलेला, वळलेला, बोटभर लांब. "त्याचाच," मालनबाई म्हणाली. "करदोडा हाय. म्या बांधला व्हता माझ्या हातानं." रेणुकानं धागा घेतला आणि मुठीत धरून ती बाजाराच्या मधोमध जी रडली, तशी बांगड्या फुटल्या तेव्हाही रडली नव्हती. ज्याच्यासाठी जीव काढला ते हातात आल्यावर उलटून पालटून कोण बघतं? ती मूठ तिनं एसटीत उघडली नाही, घरी उघडली नाही. त्या रात्री तिला झोप लागली, अगदी मेल्यासारखी.

सकाळी काठावर विधी झाला. आता गवताच्या पुतळ्याला रेणुकाची ना नव्हती, कारण पुतळ्याच्या कमरेत तिनं स्वतः तो धागा खोचला. गोवऱ्या रचल्या, वर पुतळा निजवला. सगळी वस्ती आली होती. हापशावर बोलणारी ती बाईसुद्धा येऊन रेणुकाच्या गळ्यात पडून गेली. तात्यारावानं अग्नी दिला.

वाळलं गवत भुरकन पेटलं आणि गेलं. धागा राहिला. बजरंगचा करदोडा सुताचा, आणि सुताचा धागा जळताना लाल होतो आणि त्याची राख होते. हा आधी आकसला, मग वळला, मग त्याचा काळा थेंब झाला आणि गोवरीवर टपकला, आणि तिथं धूर सोडत जळत राहिला. वास सुटला.

तो वास न ओळखणारा भोई अजून जन्माला यायचाय. जाळं विणताना दोरा कापला की टोक उसवू नये म्हणून भोई ते काडीनं डागतो. रोज, दारोदार. नायलॉन जळाल्याचा वास तिथल्या लेकरांच्या नाकात पाळण्यापासून असतो. कोणी कोणाकडं बघेना. तात्यारावानं घाईघाईनं वर आणखी गोवऱ्या टाकल्या आणि म्हणाला, "चला, झालं. आंघोळी करा." सगळे मान खाली घालून पाण्याकडं गेले.

दोघीच उरल्या. रेणुका विझत्या गोवऱ्यांकडं बघत होती.

"आत्याबाई, नायलॉन व्हतं त्ये."

"व्हय."

"घरून आणलं व्हतं तुमी?"

"जाळ्याच्या काठाचा दोरा. कमरेला खोचून आणला व्हता." मालनबाईचा आवाज आत गेला होता. "तुझे हात बघवत न्हवते मला. म्हनलं पोरगी मोकळी व्हईल. जळताना असं व्हईल हे ध्यानातच आलं न्हाई गं."

"मला वाटलं तुमी माझ्यासंगं धुंडायल्यात." रेणुकाला संताप आला, आणि संतापाच्या पोटातून रडू. "एक तरी मासा नीट बघायचा व्हता! लेक व्हता तुमचा."

मालनबाईनं सुनेकडं बघितलं. "म्या एकबी बघितला न्हाई," ती म्हणाली. "डोळे मिटून हात घालत व्हते. खरंच त्याचं कायी हाताला लागलं असतं, तर म्या काय केलं असतं गं माय?"

रेणुकानं म्हातारीला हाताला धरून पाण्यापर्यंत नेलं, आंघोळ घातली, घरी आणून भिंतीशी बसवलं. पुढच्या बाजाराला ती पुन्हा पालमला गेली. बन्सीधरनं काही न विचारता टोपली तिच्यापुढं सरकवली.